मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी कायद्याचा पाठपुरावा : नागपुरातून सुरुवात कशी करावी

हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा अडवला जातो, चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, मंत्र्यांच्या हाती निवेदन पडतं, फोटो निघतो. निवेदनात मागणी असते : ‘मुलांवरील ऑनलाइन अत्याचार रोखण्यासाठी कडक कायदा करा.’ त्या कागदाचं पुढे काय होतं? तो आवक नोंदवहीत चढतो आणि कोणत्या विभागाने कोणतं कलम उघडायचं हेच त्यात नसल्यामुळे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. नागपूरकरांना एक मोठी सोय आहे. वर्षातून एकदा २८८ आमदार आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य आपल्या शहरात मुक्कामाला येतात. त्या दिवसांचा उपयोग होतो तो आधीचे सहा महिने नीट तयारी केली असेल तरच. ती तयारी कशी करायची, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी कायदा वाचा, मग मागणी ठरवा

बहुतेक निवेदनं पहिल्याच परिच्छेदात पडतात, कारण जे कायद्यात आधीपासून आहे तेच त्यात मागितलेलं असतं. ‘मुलांशी ऑनलाइन ओळख वाढवून त्यांना जाळ्यात ओढणाऱ्यांसाठी आपल्याकडे कायदाच नाही,’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब मध्ये मुलांना लैंगिक हेतूने ऑनलाइन नात्यात ओढणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास सात वर्षांपर्यंत. पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ मध्येही डिजिटल माध्यमातून मुलाचा वारंवार पाठलाग किंवा संपर्क करणं येतं.

दुसरा गैरसमज कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांबद्दल. पोक्सोत २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हा व्याख्येत संगणकाने तयार केलेली, खऱ्या मुलापासून वेगळी ओळखता न येणारी प्रतिमा आणि मूल दिसेल अशा रीतीने बदललेली प्रतिमा, दोन्ही घेतल्या गेल्या. ‘एआयसाठी कायदा नाही’ असं लिहून विधी विभागात गेलात, तर समोरचा अधिकारी व्याख्या उघडून दाखवेल आणि तुमचे पुढचे मुद्दे वाचणारही नाही.

म्हणून किमान एवढं वाचून ठेवा : पोक्सोची कलमं ११ ते १५, १९ ते २३, ३५ आणि ४४, माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७-ब, ७८ आणि ७९, २०२१ चे मध्यस्थ नियम (समाजमाध्यमांसारख्या, इतरांचा मजकूर वाहून नेणाऱ्या कंपन्यांसाठीचे), २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ९, आणि २३ सप्टेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारी सामग्री जवळ बाळगण्याबाबतच्या कलम १५ चा अर्थ त्या निकालाने स्पष्ट केला. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्द टाकून देऊन ‘बाल लैंगिक शोषण व अत्याचार सामग्री’ अशा आशयाचा शब्द कायद्यात आणावा, असंही संसदेला सुचवलं. तुमच्या प्रत्येक कागदावर हाच शब्द वापरा. जुन्या शब्दामुळे मुलाची त्यात संमती असल्याचा भास होतो.

एका शब्दाने काय होतं, हे नागपूरला वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोक्सोच्या कलम ७ मधल्या ‘शारीरिक संपर्क’ या शब्दांचा अर्थ त्वचेचा त्वचेशी स्पर्श असा लावला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ रद्द केला. मधले दहा महिने देशभर त्या दोन शब्दांवर वाद चालला होता.

मागणी चारपैकी कोणत्या कप्प्यातली?

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. तुमची तक्रार यांपैकी कुठे बसते ते ठरवा : कायद्याच्या मजकुरात उणीव आहे, नियमांत उणीव आहे, पैसा व पदं नाहीत, की सगळं असून अंमलबजावणी होत नाही.

मजकुरातली एक खरी उणीव पाहा. अनोळखी माणूस व्हिडिओ कॉलवर मुलाला धमकावून त्याच्याच शरीरावर लैंगिक कृती करायला लावतो. पोक्सोतल्या लैंगिक हल्ल्याची व्याख्या शारीरिक संपर्काभोवती बांधलेली आहे. त्यामुळे असं प्रकरण कलम ११-१२ मध्ये ढकलण्याची वाट मोकळी राहते आणि तिथे शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. चित्रण झालं असेल तर कलम १३-१४ जोडता येतात. पण चित्रण झाल्याचं आधी सिद्ध करावं लागतं. ही मागणी केंद्राकडे जाईल, महिला व बालविकास मंत्रालयाकडे.

नियमांतली उणीव वेगळी असते. मध्यस्थ नियमांनुसार नग्नता किंवा लैंगिक कृती दाखवणाऱ्या मजकुराची तक्रार संबंधित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी केली, की कंपनीला ठरावीक तासांत तो काढावा लागतो. (२०२१ मध्ये ही मुदत २४ तासांची होती. नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून आकडा लिहिण्याआधी राजपत्रातला ताजा मजकूर पाहा.) पण चित्रातल्या मुलाची ओळखच नसलेल्या शिक्षिकेला ते दिसलं, तर ती कोणाच्या वतीने तक्रार करणार? ही मागणी इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची आहे. नियम बदलायला विधेयक लागत नाही, अधिसूचना पुरते.

पैसा आणि पदं हा राज्याचा कप्पा, आणि नागपुरातून सर्वाधिक काही साधण्यासारखं इथेच आहे. कलम ७८ प्रमाणे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. ठाण्यात उपनिरीक्षक कितीही हुशार असला तरी त्याच्या नावावर तो तपास चालत नाही. जप्त केलेला मोबाइल न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येईपर्यंत खटला रखडतो. पोक्सोच्या कलम ३५ मध्ये मात्र न्यायालयाने दखल घेतल्यापासून शक्यतो एका वर्षात खटला संपवावा असं म्हटलं आहे. इथे नवा कायदा काहीच करू शकत नाही. मंजूर पदं, भरलेली पदं आणि निधी यांचीच मागणी करावी लागते.

अंमलबजावणीचा कप्पा शाळांपर्यंत पोहोचतो : मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती फक्त कागदावर आहे का, तक्रारपेटी कोण उघडतं, गुन्हा कळवणं बंधनकारक करणाऱ्या पोक्सोच्या कलम १९ ची माहिती शिक्षकांना आहे का. त्यासाठी शिक्षणाधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोग. पोक्सोच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याचं काम कलम ४४ ने आयोगाकडेच दिलं आहे.

राज्याने स्वतंत्र फौजदारी कायदा करावा ही मागणी मोहात पाडते. तिची वाट मात्र लांब आहे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, असल्याने केंद्रीय कायद्याशी विसंगत असलेल्या राज्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींची मंजुरी लागते. महाराष्ट्राचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, पण त्या मंजुरीअभावी अमलात आलं नाही. पहिल्याच मोहिमेत हे ओझं घेऊ नका.

आकडे : माहिती अधिकाराचा अर्ज

आमदाराला गोष्ट सांगितली की तो हळहळतो. आपल्या जिल्ह्याचा आकडा समोर ठेवला की तो प्रश्न विचारतो. आकडा मिळवायचा मार्ग माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करायचा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, विषय एकच आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. नागपुरात एक गोष्ट हमखास चुकते : शहर पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस अधीक्षक ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. काटोल, उमरेड, रामटेकचा आकडा आयुक्तालयाकडे मिळणार नाही. अर्ज दोन करा.

मजकूर असा ठेवा :

‘१ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०२४ या कालावधीत माहिती तंत्रज्ञान कायदा कलम ६७-ब आणि पोक्सो कायदा कलम १३, १४ व १५ खाली आपल्या कार्यक्षेत्रात (१) नोंदवलेल्या गुन्ह्यांची वर्षनिहाय संख्या, (२) त्यांपैकी दोषारोपपत्र दाखल झालेल्या गुन्ह्यांची संख्या, (३) न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल अप्राप्त असल्याने प्रलंबित गुन्ह्यांची अर्जाच्या दिनांकाची संख्या, (४) सायबर पोलीस ठाण्यात पोलीस निरीक्षक दर्जाची मंजूर व भरलेली पदे. नावे, पत्ते किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील नको.’

शेवटचं वाक्य विसरू नका. नावं मागितली असं वाटलं की माहिती अधिकार कायद्याचं कलम ८ दाखवून अर्ज फेटाळला जातो. ‘तपास का रखडला?’ असंही विचारू नका. ‘का’ ला उत्तर देणं माहिती अधिकाऱ्याचं काम नव्हे, नोंद दाखवणं आहे. प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेला दुसरा अर्ज : डिजिटल मुद्देमालाची प्रलंबित प्रकरणं, सर्वांत जुन्या प्रकरणाची तारीख, मंजूर आणि रिक्त पदं.

उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे उत्तर आलं तर दोन वाटा आहेत : नोंदवह्या पाहण्याची परवानगी मागा, किंवा ३० दिवसांत वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील करा. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस असतात आणि त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे. मात्र आयोगाकडच्या तारखा लांबतात. तेव्हा मोहीम दुसऱ्या अपिलावर टांगून ठेवू नका. ‘संकलित नाही’ हे लेखी उत्तरसुद्धा एक पुरावाच आहे : मुलांवरच्या ऑनलाइन गुन्ह्यांची वेगळी मोजणीच होत नाही, हे खात्याने स्वतः लिहून दिलेलं असतं.

मुलांच्या कहाण्या हाताळताना

इथे चूक झाली तर नुकसान मुलाचं होतं आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पालकसभेत किंवा वस्तीतल्या बैठकीत कोणी आपल्या मुलाबाबत घडलेलं सांगितलं, की ऐकणाऱ्यावर पोक्सोच्या कलम १९ ची जबाबदारी येते. पोलीस ठाण्यात किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीबाबत न कळवल्यास एक वर्षापर्यंत. ‘आम्ही फक्त अनुभव गोळा करत होतो’ हा बचाव नाही. म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच हे मोठ्याने सांगा आणि १०९८ हा क्रमांक फळ्यावर लिहा. (१९३० हा पैशांच्या सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. दोन्हींची गल्लत फार होते.)

चित्र किंवा व्हिडिओ ‘पुरावा म्हणून’ स्वतःकडे घेऊ नका, व्हॉट्सॲप गटात तर अजिबात नको. कायदा अशी सामग्री गोळा करणं, पाहणं, उतरवून घेणं यालाही गुन्हा मानतो. लिंक, खात्याचं नाव, तारीख आणि वेळ कागदावर लिहा, राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करा आणि पावती क्रमांक जपून ठेवा. मुलांसंबंधीच्या सामग्रीची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. मुलाचा फोन मात्र पुसू नका, त्यातल्या संवादांशिवाय तपास पुढे सरकत नाही.

निवेदनात किंवा पत्रकार परिषदेत नाव, शाळा, मोहल्ला, वडिलांचा व्यवसाय, यांतलं काहीही येता कामा नये. ‘धंतोलीतल्या एका शाळेतली आठवीतली मुलगी’ इतक्यावरूनही ओळख पटते. ‘शहरातली तेरा वर्षांची मुलगी’ एवढं पुरे. पीडित मुलांना किंवा कोणत्याही मुलांना फलक घेऊन मोर्चाच्या पुढे उभं करू नये, असं आमचं ठाम मत आहे. तो फोटो दहा वर्षांनीही शोधता येतो.

मसुदा : दोन पानं आणि एक कलम

पहिल्या पानावर फक्त हे : उणीव काय, ती कोणत्या कलमात, नागपूर जिल्ह्याचा आकडा, मागणी एका वाक्यात, ती पूर्ण करण्याचा अधिकार कोणाला. दुसऱ्या पानावर सुचवलेला मजकूर. वर सांगितलेल्या व्हिडिओ कॉलच्या उणिवेसाठी तो साधारण असा होईल :

‘जी कोणी व्यक्ती लैंगिक हेतूने, इलेक्ट्रॉनिक किंवा डिजिटल माध्यमातून, बालकास धमकी, प्रलोभन किंवा फसवणूक करून स्वतःच्या शरीरावर लैंगिक कृती करण्यास भाग पाडील, ती व्यक्ती, त्या कृतीचे चित्रण झाले असो वा नसो, या कलमाखालील शिक्षेस पात्र असेल.’

यातला शब्दन्‌शब्द कामाचा आहे. ‘लैंगिक हेतूने’ नसेल तर ऑनलाइन तपासणी करणारा डॉक्टर अडकेल. ‘धमकी, प्रलोभन किंवा फसवणूक’ नसेल तर कशाला गुन्हा म्हणायचं हे धूसर राहील. ‘चित्रण झाले असो वा नसो’ हेच तर उणिवेचं उत्तर. त्यात ‘आक्षेपार्ह’, ‘अशोभनीय’, ‘त्रासदायक’ असले शब्द घुसवण्याचा मोह टाळा. असल्याच सैल शब्दांपायी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं.

आणखी एका गोष्टीवर बसून विचार करा : तुमच्या कलमात कोण कोण सापडेल? दहावीतल्या दोन मुलांनी आपापसात पाठवलेल्या फोटोपायी दोघंही आरोपी होणार असतील, तर कायदा ज्यांच्यासाठी हवा होता त्यांच्यावरच उलटतो. म्हणून सारख्या वयाच्या मुलांमधील, धाक किंवा फसवणूक नसलेल्या वर्तनासाठी वेगळं परंतुक (कलमाला जोडलेला अपवाद) सुचवा. ‘फाशी द्या’ ही मागणी मोर्चात टाळ्या मिळवते. पण आरोपी अनेकदा नात्यातला किंवा ओळखीचा असतो आणि शिक्षा जितकी टोकाची, तितका तक्रार दाबण्यासाठी घरातूनच दबाव वाढतो.

परदेशी कायद्यांचा दाखला द्या, नक्कल करू नका. अमेरिकेत मे २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने, संमतीशिवाय टाकलेली खासगी चित्रं तक्रारीनंतर ४८ तासांत काढण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं. कृत्रिमरीत्या बनवलेली चित्रंही त्यात येतात. हा दाखला उपयोगी आहे. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद केली, ती १० डिसेंबर २०२५ पासून. तो दाखला देण्याआधी आपल्याकडची घरं आठवा : एकच फोन, सिम आईच्या नावावर, दिवसभर तो मुलांच्या हातात. अशा घरात वय तपासणार कोणाचं?

मसुदा विधिज्ञाला दाखवल्याशिवाय बाहेर काढू नका. वारंग्याच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठातले किंवा नागपूर विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयांतले प्राध्यापक, पोक्सो खटले चालवलेले जिल्हा न्यायालयातले वकील, एखादा बालरोगतज्ज्ञ, बाल कल्याण समितीवर काम केलेली व्यक्ती, एवढे चार जण पुरतात. पन्नास संघटनांचे शिक्के गोळा करण्यात तीन महिने जातात आणि प्रत्येक जण एकेक मागणी जोडत गेला की दोन पानांची बारा होतात.

वर्षाचं वेळापत्रक

जूनमध्ये माहितीचे अर्ज टाका. ऑगस्टपर्यंत उत्तरं आणि पहिली अपिलं. सप्टेंबरात मसुदा. आमदारांना दिवाळीच्या आधी भेटा, कारण तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात. डिसेंबरात निवेदन घेऊन गेलात तर ते दार बंद झालेलं असतं. जिल्ह्यात विधानसभेच्या बारा जागा आहेत, सहा शहरात आणि सहा ग्रामीण भागात. सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवरचे एकेक आमदार गाठा. एकाच पक्षामार्फत गेलेली मागणी दुसऱ्याला आपली वाटत नाही. भेट आमदारांची असली तरी काम स्वीय सहायकाच्या हातात असतं. प्रश्नाचा मजकूर तयार टाइप करून, छापील आणि मोबाइलवर पाठवता येईल अशा दोन्ही रूपांत त्याला द्या.

विधानसभेत नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना सर्वांत उपयोगाची, कारण मंत्र्याला सभागृहात निवेदन करावं लागतं. पदांची आणि निधीची मागणी असेल तर पुरवणी मागण्यांवरच्या चर्चेत ती घालायला सांगा. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक, मंजूर होण्याची आशा ठेवू नका. पण ते मांडलं गेलं की तुमचा मसुदा विधिमंडळाच्या अभिलेखात जातो. केंद्राच्या मागण्यांसाठी नागपूर आणि रामटेकचे खासदार. शिवाय संसदेच्या स्थायी समित्या निवेदनं मागवतात तेव्हा मुदत थोडीच असते, म्हणून मसुद्याची इंग्रजी आणि हिंदी प्रत आधीच तयार असू द्या. समितीला दिलेलं निवेदन परस्पर वर्तमानपत्रात छापायला देऊ नका, ते समितीची मालमत्ता होतं.

अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंदोबस्ताने बंद असतात. विधानभवनाचा पास सदस्यामार्फतच मिळतो. त्यापेक्षा सकाळी लवकर आमदार निवास गाठावं. मेळघाटचा आमदार आणि कोकणातला आमदार एकाच आवारात भेटतात. प्रत्येकासाठी दोन मिनिटं धरा. पाकिटात ते दोन पानी टिपण आणि त्यांच्या जिल्ह्याचा आकडा मिळवायचा माहिती अधिकाराचा कोरा नमुना ठेवा. मोर्चा काढायचाच असेल तर पोलीस परवानगीचा अर्ज आधीच द्या आणि शिष्टमंडळात कलम तोंडपाठ असलेली किमान एक व्यक्ती घ्या. ‘नेमकं काय करू?’ असं मंत्र्यांनी विचारलं, तर उत्तर एका दमात देता आलं पाहिजे.

उत्तर मिळाल्यानंतर

‘तपासून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं उत्तर मिळालं की बहुतेक मोहिमा थांबतात. खरं काम तिथून सुरू होतं. सभागृहात मंत्र्यांनी दिलेलं आश्वासन छापील कार्यवाहीतून शब्दशः उतरवून घ्या, कारण वर्तमानपत्रातलं वाक्य आश्वासन समितीपुढे चालत नाही. ते वाक्य, तारीख आणि सदस्याचं नाव लिहून शासकीय आश्वासने समितीला कळवा. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती हाही एक मार्ग आहे.

जनहित याचिका सगळ्यात शेवटी. नागपूर खंडपीठ कायदा करून देऊ शकत नाही. मंजूर पदं का भरली नाहीत, बालहक्क आयोगाची देखरेख कुठे आहे, हे मात्र विचारू शकतं. तेव्हा तुमची माहिती अधिकाराची उत्तरं, निवेदनांच्या शिक्का मारलेल्या प्रती आणि पाठपुराव्याच्या तारखा हाच याचिकेचा कणा असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच वही ठेवा : तारीख, कार्यालय, कोणाला दिलं, आवक क्रमांक, पुढची तारीख.

अधिवेशनानंतर ९० दिवसांनी संबंधित विभागाला पुन्हा माहितीचा अर्ज टाका. या वेळी आकडे मागू नका. ‘अमुक दिनांकाच्या निवेदनावर आवक क्रमांक अमुकच्या अनुषंगाने झालेल्या कार्यवाहीच्या नस्तीतील टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती’ मागा. फाइल कोणत्या टेबलावर, किती दिवस आणि कोणत्या शेऱ्यासह थांबली हे त्या टिपणीत दिसतं आणि पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न त्याच शेऱ्यावरून लिहिता येतो.